नाजूक माल

अग्नीचा शोध लावणारा माणूस मोठा खरा, पण गारवा टिकवून दाखवणारा त्याच्याहून मोठा. संस्कृतीचा खरा आरंभ विस्तवापाशी नव्हे, बर्फापाशी झाला आहे. हे वाक्य मी सातिवलीच्या एका गोदामात उच्चारलं. त्या वेळी माझं डोकं एका पांढऱ्या पेटीच्या आत होतं आणि ‘संस्कृती’ या शब्दावर झाकण माझ्या मानेवर पडलं. त्यामुळे संस्कृतीचं पुढे काय झालं ते फक्त पेटीनं ऐकलं.

बाहेरून जावयाचा आवाज आला, “बाबा, रबर बसतंय का नीट?”

रबर फारच नीट बसत होतं. माझा श्वाससुद्धा वाया जात नव्हता.

जावयाचं नाव संग्राम. आठवडाभर तो बँकेत लोकांची कर्जं मंजूर करतो आणि रविवारी जीप घेऊन बाहेर पडतो. त्याच्यासारखी आणखी मंडळी आहेत. चांगला रस्ता दिसला की ही मंडळी गाडी त्याच्यावरून खाली उतरवतात, दगडांत, ओढ्यात, चिखलात घालतात, अडकली की हर्षभराने दोरखंड लावून ओढतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. याला ट्रेल म्हणतात. आम्ही विरार पूर्वेचे लोक हे रोज भाजी आणायला जाताना करतो, पण आमचे फोटो कोणी काढलेले नाहीत.

या एप्रिलात त्यांचा जव्हारकडच्या डोंगरात दोन दिवसांचा बेत ठरला. आमच्या मनवेलपाड्याच्या घरी जेवताना संग्रामनं सासूला विचारलं, आई, तुम्ही येता का. नाही म्हणतील याची खात्री असली की जावई जितक्या प्रेमानं विचारतात तितक्या प्रेमानं विचारलं. आशालता, म्हणजे माझी बायको, आमटी वाढत होती. ती म्हणाली, येते. आणि आमटीत मीठ कमी आहे का, असं पुढे विचारलं.

इथे माझ्या भीतीची ओळख करून द्यायला हवी, कारण घरात आम्ही दोघंच राहतो असं लोक समजतात, पण ती तिसरी आहे. मी सगळी नोकरी एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात घालवली. तुम्हाला नारळाचं झाड दिसतं. मला त्याच्याखाली उभा असलेला दावेदार दिसतो. त्यातून आशालताला जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. ते सुरू झाल्यापासून आम्ही एक रात्रही बाहेर राहिलेलो नाही. लग्नाचं आमंत्रण आलं की मी आधी हॉलवर फ्रिज आहे का ते विचारत असे. नसला की आहेर पाठवून देत असे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की औषध फार तापू देऊ नका आणि गोठूही देऊ नका. त्यातलं पहिलं अर्धं ऐकून मी इतका घाबरलो की दुसरं अर्धं ऐकायला माझ्यात जागाच उरली नाही.

मी म्हणालो की फ्रिजशिवाय जाणं अशक्य. संग्राम म्हणाला, त्यात काय बाबा, एक दणकट कूलर घेऊ.

तेव्हा मला आशेचा किरण दिसला. मी गंभीर चेहरा करून म्हणालो की कूलर मी निवडीन. सगळ्यांना वाटलं, म्हातारा तयार झाला. प्रत्यक्षात माझा हिशेब सरळ होता: जोवर माझ्या पसंतीला कूलर उतरत नाही तोवर ही बाई घराबाहेर पडत नाही, आणि माझ्या पसंतीला आजवर काहीही उतरलेलं नाही.

पहिल्या दुकानात तर देवानंच साथ दिली. मी कूलर मागितला आणि दुकानदारानं माझ्या उंचीचा, पंखा आणि पाण्याची टाकी असलेला कूलर पुढे ढकलला. तो जंगलात चालेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काका, खिडकीत ठेवायचा असतो.” जीपला खिडकी आहे, असं मी सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि खालची चाकं दाखवली. मी घरी येऊन जाहीर केलं की कूलर जीपमध्ये मावत नाही, सबब बेत रद्द. मग अश्लेषानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मोबाइलवर चित्र दाखवलं. कूलर म्हणजे बर्फाची पेटी निघाली.

पुढचे काही दिवस मी वसईपासून विरारपर्यंत पेट्या नापास करत फिरलो. एकीवर बसलो तर झाकण खाली दबलं. एकीचा खटका बोटानं उडाला. एकीची भिंत इतकी पातळ होती की आत हात घातला तर बाहेरून बोटं मोजता आली असती. एका मोठ्या दुकानात परदेशी पेटी होती. तिच्याविषयी विक्रेत्यानं अभिमानानं सांगितलं की ही अस्वलालासुद्धा उघडता येत नाही. मी लगेच संग्रामला फोन करून विचारलं, आपल्या वाटेवर अस्वलं आहेत का. तो म्हणाला, नाहीत. मी म्हणालो, मग पेटीवाल्यांना इतकी काळजी कशाची आहे, ते एकदा विचारून घे. त्या रात्री मला स्वप्नात आशालता आणि अस्वल पेटीच्या दोन बाजूंना बसलेली दिसली. दोघंही माझी वाट बघत होती, आणि अस्वलाचं जेवण आधीच झालेलं असावं इतकं ते शांत होतं.

शेवटी संग्रामच मला सातिवलीला जेम्सच्या गोदामात घेऊन आला. जेम्स पाचूबंदरचा. घरच्या मासेमारीच्या बोटी आहेत, आणि बोटींवर लागतात म्हणून त्यानं पेट्या बनवायला सुरुवात केली. भिंती वीतभर जाड, मध्ये फोम भरलेला, कोपऱ्यांत दोरी ओवायला कान, खाली पाणी सोडायला बूच, आणि झाकणाला ते रबर, ज्याच्याशी माझा परिचय झालाच होता. मी पेटीवर बसलो. उभा राहिलो. संग्रामला घेऊन उभा राहिलो. पेटी ओट्यावरून खाली ढकलून दिली. ओट्याचा टवका उडाला.

जेम्स बाजूला उभा राहून शांतपणे बघत होता. म्हणाला, “काका, हिच्यावर बोटीत चार मानसं बसून जेवतात. जीपनं पेटी नाय तुटनार. पेटीनं जीप तुटंल.”

मी शेवटचा उपाय म्हणून ती बर्फानं भरून रिक्षात घातली आणि सातिवलीच्या आतल्या रस्त्यांवरून एक चक्कर मारून आणली. परत आलो तेव्हा रिक्षावाला माझ्याशी बोलत नव्हता, माझी कवळी खिशात होती, आणि पेटीचा एक खटकाही हलला नव्हता. बर्फ जसा रचला होता तसाच.

पेटीत खोट नव्हती. त्या पेटीसमोर मी जितका घाबरलो तितका पूर्वी कधी घाबरलो नव्हतो, कारण आता सबब संपली होती.

पैसे देऊन झाल्यावर जेम्सनं सहज विचारलं, आत माल कसला ठेवणार.

आता, आशालताची सक्त ताकीद आहे की तिच्या साखरेची गोष्ट परक्याजवळ काढायची नाही. लोकांना कळलं की ते तिच्या पानात शिरा वाढताना हात आखडतात आणि चेहरे समाचाराला आल्यासारखे करतात, हे तिला खपत नाही. म्हणून मी इकडेतिकडे बघून हळूच म्हणालो, “नाजूक माल आहे.”

जेम्सचा चेहरा एकदम धंदेवाईक झाला. “नाजूक माल? मग नुसत्या बर्फानं नाय भागनार. जाडं मीठ मारायचं बर्फात. थरावर थर. माल दगड होतो, दगड. पानी सुटत नाय.”

त्याच्या धंद्यात नाजूक माल म्हणजे बोंबील, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की देवाच्या दयेनं योग्य माणूस भेटला आहे.

निघायच्या सकाळी सगळे तयारी करत होते तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावून पेटी भरली. एक थर बर्फ, एक थर जाडं मीठ. आपल्या मिठागरांचं ते काळपट, खडबडीत मीठ. मला राहून राहून वाटत होतं की कमी पडलं तर? म्हणून आणखी घातलं. इन्सुलिनची शिल्लक पेनं, म्हणजे औषध भरलेल्या पेनासारख्या सुया, स्टीलच्या डब्यात घालून अगदी मध्यभागी पुरली. मग एक विचार मनात आला आणि अंगावर काटा उभा राहिला: आशालताच्या पर्समध्ये रोजच्या वापराचं पेन आहे, पर्स उन्हात राहिली तर? ती सकाळची सुई टोचून झाल्यावर केस विंचरत होती तेवढ्यात मी पर्समधून ते पेनही काढलं आणि डब्यात बाकीच्यांशेजारी निजवलं. वर काकड्या, दही, पाण्याच्या बाटल्या. झाकण दाबलं. खटके लावले. लग्नानंतर इतक्या प्रेमानं मी तिच्यासाठी दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही.

डोंगरापर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण डांबर संपल्यावर मी डोळे मिटले. कानांवरून कळत होतं तेवढं कळलं. एकदा जीप डावीकडे इतकी कलली की मी अश्लेषाच्या खांद्यावर आणि अश्लेषा दारावर. दगड खालून पोटाला घासला. संग्राम म्हणत होता, काही नाही बाबा, गाडी यासाठीच बनवलीय. माझ्या सेवाकाळात हे वाक्य मी किती जबाबांत वाचलं आहे ते मी त्याला सांगितलं नाही. पुढच्या सीटवर आशालता होती. तिच्या तोंडून मधून मधून एक आवाज निघत होता. मी मनात स्तोत्र म्हणत होतो. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की ती हसते आहे.

दुपारी एका मोहाच्या झाडाखाली थांबलो. ग्रुपच्या बाकीच्या गाड्या पुढच्या टेकाडावर गेल्या होत्या. त्यांचे आवाजही येईनासे झाले. आशालतानं ओढ्याच्या कोरड्या पात्रात पाय सोडले, पदरानं तोंड पुसलं आणि भूक लागली म्हणाली. पर्स उघडली. पर्स चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी अभिमानानं सांगितलं की काळजी करू नकोस, सगळं पेटीत आहे.

पेटी उघडेना. खटके निघाले, झाकण निघेना. संग्रामनं जोर लावला, मी जोर लावला, अश्लेषानं झाकणाच्या फटीत चमचा घातला, तो वाकला. अस्वलाची मला तेव्हा पहिल्यांदा दया आली. शेवटी फस्स असा आवाज झाला, झाकण उघडलं आणि आतून धूर निघाला.

संग्रामनं काकडी उचलून बोनेटवर ठेवली. ठण्ण असा आवाज आला. दह्याचं भांडं उलटं केलं तरी दही भांड्याशी एकनिष्ठ राहिलं. पाण्याच्या बाटल्या फुगून आडव्या झाल्या होत्या. मी बर्फ उपसून डबा काढला. डब्याला बोट चिकटलं. आत पेनं अगदी जशी निजवली होती तशी होती. एक उचलून हलवलं. आत काही हललं नाही. दुसरं. तेही नाही.

आशालतानं माझ्या हातातून पेन घेतलं, उन्हात धरून पाहिलं. म्हणाली, “गोठलं. आता ते फेकायचं. वितळलं तरी चालत नाही.” मग पेटीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, “यात मीठ कोणी घातलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जेम्सचं नाव सांगितलं. नाजूक माल म्हणालो होतो, हेही सांगितलं. संग्रामनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. अश्लेषा मात्र हसली नाही. तिला भीती माझ्याकडून मिळाली आहे. तिनं आईच्या बोटाला टोचून साखर पाहिली. वाढली होती, फार नाही. आशालता म्हणाली की एक जेवण मागेपुढे झाल्यानं कोणी मरत नाही, आणि आपण जोपर्यंत काही खात नाही तोपर्यंत घाई नाही.

पण मला समोर ती दिसतच नव्हती. मला रात्र दिसत होती, वाढत जाणारा आकडा दिसत होता, इस्पितळाचा जिना दिसत होता, आणि माझ्यासारखाच कोणी चष्मेवाला दिसत होता, जो मान वर न करता मला विचारत होता: पेटीत मीठ आपण स्वतः घातलंत का?

औषधाचं दुकान खाली, मुख्य रस्त्यावरच्या गावात. ज्या वाटेनं आलो ती लांब. ओढ्याच्या पात्रातून सरळ उतरलं तर जवळ, पण त्या वाटेत मोठे धोंडे. गाडीपुढे एक माणूस उलटा चालत हवा, जो हातानं दाखवील की चाक कुठे टाकायचं. अश्लेषा म्हणाली मी चालते. तिला मी गाडीत आईजवळ बसवलं. मग लक्षात आलं की उरलो मी.

माणूस किती घाबरला की घाबरणं थांबतं, याचा काही दाखला मला देता येणार नाही, कारण ते थांबलं नाही. मी गाडीकडे तोंड करून उलटा चालायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ती जीप उघड्या डोळ्यांनी पाहत होतो: माझ्याहून उंच धोंड्यावर एक चाक, दुसरं हवेत, आणि काचेमागे माझी बायको. डावं, म्हणून मी हात केला की ती डावीकडे कलायची. उजवं, की उजवीकडे. थांब, की थांबायची. माझ्या हाताच्या इशाऱ्यावर तिचा जीव वरखाली होत होता, आणि संग्राम बिचारा मी दाखवीन तिथेच चाक टाकत होता. त्याला कल्पना नव्हती की अर्ध्या वेळेला मी घाम पुसत होतो.

एका ठिकाणी गाडी इतकी तिरकी झाली की मी दोन्ही हात वर केले. याचा त्यांच्या भाषेत काय अर्थ होतो कोण जाणे. संग्रामनं गाडी जोरात पुढे काढली आणि ती धप्पकन सपाटीवर आली. मी खाली बसलो. आशालतानं काच खाली केली. तिचे केस सुटले होते, गालावर माती होती. मला वाटलं आता ही म्हणेल घरी चला. मला ते ऐकायचं होतं, आठवड्यापासून ऐकायचं होतं.

ती म्हणाली, “अहो, उठा. आणि एक सांगून ठेवते. आज मला घरी नेलंत, तर मी पुन्हा कधी कुठे जायचं म्हणून तोंडातून शब्द काढणार नाही.”

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली, दूधवाल्याला उद्यापासून दूध नको सांगतात तशी. ती बोलते ते करते, हे मला माहीत आहे. मला एकदम आमचं घर दिसलं: फ्रिज चालू आहे, औषध जागच्या जागी आहे, आणि ती खिडकीशी बसून काही मागत नाही. हे सगळ्यात सुरक्षित चित्र होतं. ते पाहून मला धोंड्यावरच्या जीपपेक्षा जास्त भीती वाटली.

गावातल्या औषधाच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं आणि मालक आत खुर्चीत झोपला होता. मी वाकून आत शिरलो आणि काय हवं ते सांगायच्या ऐवजी त्याला मिठाची हकीकत सांगायला लागलो. तो दचकून उठला. अश्लेषानं मागून येऊन मोबाइलवरचा डॉक्टरांचा कागद दाखवला. त्याच्याजवळ तेच पेन होतं. ते त्यानं फ्रिजमधून काढून दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, पिशवीत घातलं आणि सौजन्यानं विचारलं, लांब जायचं असेल तर सोबत थोडा बर्फ देऊ का.

मी मागे सरलो तो शटरवर आपटलो.

जीपच्या सावलीत आशालता पायरीवर बसली होती. संग्रामनं शेजारच्या हॉटेलात भाजीपाव सांगितला होता. तो तयार होऊन आला की टोचायचं, असं ठरलं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. माझा जीव अजून ओढ्यातच होता. तिचा हात घट्ट धरला आणि बोलायला लागलो. म्हणालो, इतकी वर्षं मी तुला जपतो असं म्हणत आलो, पण जपत होतो मी मलाच. आता आपण घरी जायचं नाही. याच वाटेनं परत वर जायचं, आणि रात्री तिथे आभाळाखाली झोपायचं, आणि पुढच्या वर्षी जिथे म्हणशील तिथे, फ्रिज असो वा नसो. अश्लेषानं डोळे पुसले. हॉटेलातला पोऱ्या पाव घेऊन आला होता, तोही ऐकत उभा राहिला. मी म्हणालो, भीती मला वाटणारच आहे, ती जाणार नाही, पण यापुढे ती तुझ्या वाटेत बसणार नाही. ती मागच्या सीटवर बसेल, माझ्याजवळ.

आशालता शेवटपर्यंत ऐकून घेत होती. दुसऱ्या हातात नवीन पेन होतं.

“बरं,” ती म्हणाली. “आता जरा माझा हात सोडता का? टोचून घ्यायचंय.”